मागच्याचा वाटा

परवा शाळेतून येताना बीदरच्या बाजारात ज्वारी-ताकाची अंबील ज्यातून शेतात नेतात त्या बिंदग्या दिसल्या. कुंभारणीनं रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून त्यांची उतरंड लावली होती. कोऱ्या, तांबड्या, लहान घागरीएवढ्या, अजून चुना आणि गेरूची काव न लागलेल्या. शेजारी हरभऱ्याच्या पाल्याचे ढीग, वालाच्या शेंगा, चिंच, बाजरी. म्हणजे येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं माणसांनी भरतात. एक बिंदगी उचलून मी टिचकी मारली. नाद स्वच्छ होता. मग काय वाटलं कोण जाणे, मी तिचं तोंड कानाला लावलं.

कुंभारीण हसली. "बाई, त्यात काय ऐकायलात?"

"काही न्हाई," मी म्हटलं आणि बिंदगी पिशवीत टाकली. पण ऐकत होते हे खरंच. गेल्या वर्षीच्या येळवशीपासून मला ही खोड लागली आहे. रिकाम्या भांड्याला, रिकाम्या वर्गाला, रिकाम्या जिन्याला मी जरा थांबून कान देते. वर्गातली पोरं मला आधीच विक्षिप्त समजतात. चित्रकलेच्या बाईला ते शोभूनही दिसतं, म्हणून कोणी फार मनावर घेत नाही.

मार्गशीर्षात आमचं पठार ओळखू येत नाही. एरवी इथलं ऊन अंगावर येतं. या दिवसांत ते लांबून, तिरकं, परक्या माणसानं ओसरीवर टेकावं तसं येतं आणि चहा व्हायच्या आत उठून जातं. भर दुपारीही सावल्या लांब असतात. माझ्या खिडकीच्या गजांची सावली उन्हाळ्यात खिडकीखालीच असते. आता ती खोली ओलांडून समोरच्या भिंतीवर चढते आणि तिथे लावलेल्या चित्रांना कोठडीत घातल्यासारखं करते. वर्षातली सगळ्यात लांब रात्र याच सुमाराला येते. शाळेतल्या भूगोलाच्या बाई ती पृथ्वीच्या कलण्यावरून समजावतात, फळ्यावर गोळा काढून. आम्हाला घरी ती दुसऱ्या तऱ्हेनं समजावली होती. दिवस इतका आखडला की शिवाराची राखण दिवसाच्यानं होत नाही. मग ती मागच्याकडे जाते. म्हणून येळवशीला त्याचा वाटा द्यायचा.

हा 'मागचा' कोण, ते सांगायला हवं. येळवशीला शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधतात, म्हणजे लहानशी खोपच. तिच्या आत पाच दगड मांडून त्यांना चुना देतात, वर कावेचे ठिपके. ते पांडव. एवढं सगळीकडे असतं. आमच्या शेतात कोपीच्या मागे, पाठ फिरवल्यासारखा, आणखी एक दगड आहे. पाचही पांडव काळ्या, घट्ट दगडाचे. हा तांबडा, भोकाभोकांचा. त्याला चुना लावायचा नाही, काव लावायची नाही, हळदकुंकू नाही. त्याच्या समोर जायचं नाही. त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि अंबील खांद्यावरून मागे भिरकावायची. त्याला नाव नाही. घरातले सगळे नुसतं "मागच्याला दिलं का?" एवढंच विचारतात.

तो हाकेला ओ देतो, असं म्हणत. पूजा झाली की घरातला कर्ता पुरुष अंबिलीची बिंदगी आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन शेताच्या कडेकडेनं निघतो. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून एक लांब हाक मारतो आणि अंबील शिंपडतो. हाकेचे शब्द थोडे कानडी, थोडे मराठी. त्यांचा अर्थ आता कोणालाच धड सांगता येत नाही आणि कोणाचं त्यावाचून अडतही नाही. त्याच्या मागून जाणाऱ्यानं भज्जी, म्हणजे शेंगा-पाल्याची मिसळीची भाजी, आणि बाजरीचे उकडलेले उंडे शेतात टाकत त्या हाकेला "ओऽऽ" द्यायची. पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. मागच्यानंही नाही. म्हणजे शेवटी चालणाऱ्या माणसाच्या पाठीमागे काय आहे, ते कोणालाच कधी दिसत नाही.

लहानपणी ही ओ द्यायचं काम माझं होतं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर हाक अण्णाकडे आली. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याची हाक आमच्या गावच्या, कमठाण्याच्या शिवारात प्रसिद्ध होती. आमचे शेजारी बसप्पामामा म्हणायचे, की अण्णानं हाक मारली की त्यांच्या शेतातले होले उडतात. मोठा, भरीव आवाज, शेवटाला किंचित घासटलेला, दार उंबऱ्याला घासतं तसा. एका येळवशीला मी वाटेत बोरं वेचून तोंड भरून घेतलं होतं आणि तेवढ्यात अण्णा कोपऱ्यावर थांबला. त्यानं हाक मारली. माझ्या तोंडात बोरं, ओ कुठून देणार? मी बिया थुंकेपर्यंत ओ आली. माझ्या मागून. मी चांगली मोठी, शाळेत जाणारी मुलगी, पण मान न वळवता तशीच चालत राहिले. अण्णाला फरक कळला नाही. नंतर मी स्वतःला समजावलं की शेजारच्या शेतातल्या कोणीतरी दिली असेल. सगळं शिवारच हाका मारत असतं त्या दिवशी. हे समजावणं मला बरीच वर्षं पुरलं.

पुढे मी बीदरला आले, चित्रं काढायला लागले आणि हौशीनं नव्हे तर दुसरं काही सुचेना म्हणून याच दिवसांची काढत राहिले. कडब्याचा कोळसा, चुना, काव आणि पोत्याचं कापड. एवढ्यात माझं भागतं. दुकानातले रंग मी मुलांना शिकवते, स्वतः वापरत नाही. कोपी काढल्या, पांडव काढले, संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन बांधावरून पळणारी माणसं काढली, हरभऱ्याची आंब लागून चरचरणारे पाय काढले. प्रदर्शनाला येणारे लोक "किती आपलं वाटतं" म्हणतात आणि घरी न्यायला दुसऱ्याचं फुलांचं चित्र घेतात. असो. मागचा मात्र मला कधी काढता आला नाही. मुळात तो काढायचा नसतोच. पण काढायचा नाही म्हटलं की चित्रकाराचे हात शिवशिवतात. मी प्रयत्न केला. दगड काढावा तर तो नुसता दगड होई. माणूस काढावा तर तो ओळखीचा कोणीतरी निघे. एकदा तर तो हुबेहूब आमच्या हेडमास्तरांसारखा झाला, तेव्हा मी कापड धुऊन टाकलं.

गेल्या वर्षीच्या आदल्या येळवशीला अण्णा हैदराबादच्या दवाखान्यात होता. घशातली गाठ वाईट निघाली. ऑपरेशनात आवाजाची पेटीच काढावी लागली. मी त्याच्या उशाशी होते. अण्णाच्या मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, त्या आळीपाळीनं दवाखान्यात येत. घरी वहिनी एकटी. तिनं विचार केला, की माणूस आजारी आहे, अशात शिवार उपाशी ठेवू नये. ती एकटीच शेतात गेली. तिनं कोप केली, चुना दिला, भज्जी-अंबिलीचा नैवेद्य दाखवला. मग बिंदगी घेऊन कडेनं निघाली. पहिल्या कोपऱ्यावर हाक मारली आणि मागे ओ द्यायला कोणी नाही हे तिच्या ध्यानात आलं. मग ओही तिनंच दिली. प्रत्येक कोपऱ्यावर स्वतः हाक, स्वतः ओ.

वहिनी हळ्ळीखेडची. तिच्या माहेरी मागचा नाही. ही चूक किती मोठी, ते तिला बसप्पामामांनी सांगितलं, आणि तेही बांधावर बसून तिचीच भज्जी खाताखाता. "सोताच्या हाकेला सोताच ओ दिलीस? मग मागच्यानं काय करावं गं पोरी? त्याचं काम काढून घेतलंस तू. बिनकामाचा झाला की तो मानसाच्या मागं लागतो."

मामांना बोलायला काय जातं? पण वहिनी शेतातून परत आली, तेव्हा घरच्या काळ्या कुत्र्यानं, करियानं, तिला दारात अडवलं. तिच्यावर नाही भुंकला. तिच्या मागे बघून भुंकला.

अण्णा घरी आला तो गळ्यावर सुती फडकं बांधून. फडक्याआड एक भोक होतं आणि श्वास तिथून आत-बाहेर होई. दवाखान्यातून गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं होतं. ते लावून ओठ हलवले की त्यातून शब्द येतात. अण्णानं ते एकदाच लावलं. ओसरीवर आम्ही सगळे बसलो होतो. यंत्रातून गुणगुणत, सपाट, "पाणी दे" असं काहीतरी आलं. तो आवाज घरातल्या कोणाचाच नव्हता. करिया खाटेखाली शिरला. अण्णानं यंत्र काढलं, पुसलं, फडताळावर ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. त्यानंतर तो शेताकडेही गेला नाही. पेरणीला नाही, तुरीच्या काढणीला नाही. शेत वाट्यानं करणारा माणूस येऊन विचारी, अण्णा मानेनं हो-नाही करी. दिवसभर भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसे. ज्याच्या आवाजावर शिवारातले होले उडत, तो माणूस ओसरीवर आहे की नाही हे बघायला आत डोकवावं लागे. मला त्याचा राग यायचा. राग येणं सोपं होतं, रडण्यापेक्षा.

गेल्या मार्गशीर्षात वहिनीचा फोन आला, की बिंदगी रंगवायला ये. आमच्याकडे अंबिलीची बिंदगी घरातल्या बाईनं रंगवायची असते आणि माझं घर म्हणून तेच. मी आदल्या दिवशी गेले. वहिनी चुलीपुढे तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी चुना कालवला. तिचा हात चालू होता, पण ती सारखी मान ताठ धरून होती, मानेला उसण भरल्यासारखी.

"काय झालं वैनी?"

तिनं आणखी एक शेंग सोलली. मग हळूच म्हणाली, "अक्का, तो अजून हाय."

"कोण?"

"मागचा. येळवशीपासनं माझ्या मागंच हाय. अंगन झाडायला लागले की माझ्या मागं झाडल्यागत वाजतंय. गोठ्यात गेले की मागं कडबा वाजतोय. काई करत न्हाई. नुस्ता मागं ऱ्हातोय."

"वळून बघ की एकदा. कोणी न्हाई म्हणून कळंल तुला."

"अन् असला तर?"

ती पुढे म्हणाली, "ह्यांचा आवाज मीच घालवला. तिकडं ऑपरेशन झालं अन् इकडं मी ह्यांची हाक मारली. हाकंची गरजच उरली न्हाई म्हनून आवाज गेला. यंदा ह्यांनी हाक दिल्याबिगर तो परत शेतात जायचा न्हाई. अन् हे तर शेताचं नाव काढलं की भिंतीकडं बघायलेत."

"ऑपरेशनाचा आणि तुझ्या हाकेचा काय संबंध गं?" मी म्हटलं. "गाठ होती, काढली. तू हाक मारली नसतीस तरी काढलीच असती."

"तुमी शिकलेल्या," वहिनी म्हणाली. रागानं नाही, नुसतंच. मग तिनं शेजारच्या टोपल्यातून भाकरीचा तुकडा मोडला आणि न बघता, हात मागे करून, आपल्या पाठीशी जमिनीवर ठेवला. वर्षभराची सवय हाताला असावी इतक्या सहज. करिया दारातून आला, तुकडा हुंगला, तोंड न लावता बाहेर गेला. मी बिंदगीवर काव चढवत होते. थोड्या वेळानं बघितलं तर तुकडा नव्हता. उंदीर असेल. जुन्या घरात उंदीर असतातच. पण मी माझा पाट सरकवून भिंतीला पाठ लावून बसले, हेही सांगते.

बिंदगीवर एरवी सूर्य, चंद्र, बैल, कणसं काढतात. मी तीच काढायला बसले होते, पण हात भलतीकडे गेला. मी शेताची फेरी काढली. चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर कावेनं पुढे चालणारा माणूस, पाठमोरा, हातात डहाळा. त्याच्या मागे टोपली घेतलेली बाई. पाठमोरा माणूस अण्णाच झाला. लहानपणापासून मी त्याची पाठच बघत आले. हाक मारण्याआधी त्याचा उजवा खांदा उचलतो, डावी टाच मातीत रुतते. बाईच्या मागे बिंदगी गोल फिरून पुन्हा माणसापाशी येईपर्यंत पट्टा पांढराच सोडला. तिथे काही काढायचं नसतं.

वाळायला म्हणून मी बिंदगी ओसरीवर ठेवली. अण्णा खाटेवर होता. बराच वेळ तो भिंतीकडेच बघत होता. मग त्यानं बिंदगी मांडीवर घेतली आणि हळूहळू फिरवली. माणूस, बाई, पांढरं. पुन्हा माणूस, बाई, पांढरं. दारातून मी बघत होते. त्यानं वाटीतल्या कावेत बोट बुडवलं आणि त्या पांढऱ्या जागेत, बाईच्या मागे, एक उभा फराटा ओढला.

आमच्या घरात हे कोणी कधी केलं नव्हतं. मी पुढे झाले, पुसायला. अण्णानं बिंदगी बाजूला घेतली. माझ्याकडे बघितलं, बोट त्या फराट्यावर ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या गळ्यावरच्या फडक्यावर ठेवलं. फडक्याला काव लागली. मग मला कळलं आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसले. वर्षभर भिंतीकडे तोंड करून तो हाच विचार करत होता. ज्याला तोंड नाही, नाव नाही, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो आता आपणच. मी त्याचा हात धरला एवढंच. सकाळी उठले, तेव्हा अण्णा धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून अंगणात उभा होता. वहिनी चुलीशी तोंडाला पदर लावून बसली होती.

शेतात गेलो. ज्वारी छातीपर्यंत आली होती, हरभरा घाट्यांवर. शिवारभर माणसं, पण धुकं उशिरापर्यंत उठलं नव्हतं, त्यामुळे शेजारच्या शेतातली माणसं दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. वरून बीदरच्या विमानतळावरचं एक विमान घिरटी घालून गेलं. ते गेल्यावर जे शांत झालं ते पहिल्यापेक्षा जास्त वाटलं. कोप झाली. पांडवांना चुना दिला. नैवेद्य झाला. मागचा दगड कोपीमागे होता तसाच होता. मी बघितलं नाही, पण तो असतोच.

अण्णानं बिंदगी उचलली. मी टोपली घेतली. वहिनी उठेना. "मी न्हाई येत," ती म्हणाली. "मी आले की तो माझ्या मागं यील. तुमी जावा." म्हणजे शेवटी चालणारी मी.

खरी अडचण मला पहिल्या कोपऱ्यावर कळली. जी हाक ऐकूच येणार नाही, तिला ओ कधी द्यायची? अण्णा थांबला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले, चित्र काढताना बघते तशी. डावी टाच रुतली. उजवा खांदा उचलला. गळ्यावरचं फडकं कडेनं फुगलेलं दिसलं आणि हवा गेल्याचा बारीक आवाज आला, बस. ज्वारीची पानं एकमेकांना घासली. मी ओ दिली. माझा आवाज मलाच किरटा वाटला. अण्णानं डहाळा झटकला, अंबिलीचे थेंब पानांवर पडले, तो पुढे निघाला. दुसऱ्या कोपऱ्यावर तसंच. मला बरं वाटायला लागलं होतं. जमलं, असं वाटलं.

तिसरा कोपरा शेताच्या तळाशी आहे. तिथे शेजारी कोणाचं शेत नाही, नुसतं तांबडं माळरान आहे, सपाट. टाच रुतली, खांदा उचलला, मी ओ दिली. आणि माझी ओ संपल्यावर माझ्या मागून दुसरी ओ आली.

लांबून नाही. जवळून. मोठी, भरीव, शेवटाला किंचित घासटलेली.

ती अण्णाची होती. ऑपरेशनाच्या आधीची.

मी घाबरले. टोपली छातीशी घट्ट धरली. वळावं असं इतकं वाटलं की मान दुखली, पण मी समोर अण्णाच्या पाठीकडे बघत राहिले, कारण बघायला तेवढंच होतं. अण्णाचा डहाळा धरलेला हात हवेत थांबला होता. अंबील मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती. त्यानंही वळून बघितलं नाही. त्याचं ऐकू येणारं आयुष्य त्याच्या पाठीमागे उभं होतं आणि त्याला वळून बघायची मुभा नव्हती. मग त्याचे खांदे हलायला लागले. अण्णा रडत होता. रडण्यालाही त्याला आवाज नव्हता.

बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो, त्याच्या पाठीकडे बघत मी, आणि माझ्या पाठीकडे बघत जे काय होतं ते. मग अण्णाचा उजवा खांदा पुन्हा उचलला. पहिल्यापेक्षा वर. मी तोंड उघडायच्या आत ओ आली होती. पुढच्या कोपऱ्यावरही तीच आली. मी नुसती उंडे टाकत चालले. माझं काम कोणीतरी काढून घेतलं होतं आणि मला त्याची हरकत नव्हती.

कोपीमागे अण्णानं दगडाकडे पाठ केली आणि उरलेली सगळी अंबील खांद्यावरून मागे भिरकावली. दगडावर ती पडल्याचा आवाज यायला हवा होता. मी कान देऊन होते. नाही आला. तो दगड भोकाभोकांचा आहे, ओल पटकन पितो, हे खरं आहे. तरी.

वहिनी कोपीच्या पुढे उभी होती, पांढरी पडलेली. "ओ कोनी दिली?"

"मी."

"तुमची कळली मला. दुसरी?"

अण्णानं तिच्यापुढे येऊन हाताचा पंजा स्वतःच्या छातीवर ठेवला. ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द स्पष्ट होता. "मी."

संध्याकाळी पेटत्या पेंढ्या बांधाबांधावरून फिरायला लागल्या तेव्हा आम्ही घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी करिया बसला होता. त्यानं वहिनीकडे बघितलं, तिच्या मागे बघितलं, मग शेपूट हलवत येऊन तिच्या पायात घुटमळला. वहिनी थबकली. तिनं मान वळवली, हळूच, दुखऱ्या मानेनं वळवावी तशी. मागे रिकामा रस्ता होता आणि आमच्याच पायांनी उठलेली धूळ. ती दारातच बसली आणि हसायला लागली आणि हसता हसता तिचा हुंदका फुटला. अण्णानं बिंदगी खाली ठेवून तिला उठवलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज शेतात जायला लागला. वहिनी सांगते, उन्हं कलली की तो कोपीच्या जागेपाशी जाऊन बसतो, दगडाकडे पाठ करून. काय ऐकतो ते मी विचारलं नाही. विचारलं तरी कसं सांगणार तो? भुताखेतांवर माझा विश्वास नाही. शाळेत मी मुलांना तसंच सांगते. पण त्या वर्षी मी जे चित्र पुरं केलं, त्यात पुढे एक पाठमोरा माणूस आहे, त्याच्या मागे टोपली घेतलेली बाई आहे आणि तिच्या मागे पोत्याचं कापड कोरं आहे. लोक विचारतात, हे अर्धवट का सोडलं? मी म्हणते, सोडलं नाही. चित्र भिंतीवर लावल्यापासून मी त्याच्याकडे पाठ करून काम करत नाही.

परवाची बिंदगी मी घरी आणून चुना देत बसले होते. खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर चढत चालली होती. फोन वाजला. अण्णाचं नाव होतं. अण्णा कधीच फोन करत नाही. कशाला करेल? घरातून फोन येतो तो वहिनीचा. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या फोनवरून फोन आला होता आणि माझ्या मनात नको ते आलं. मी घाईनं कानाला लावला.

"अण्णा?"

पलीकडे कोणी बोललं नाही. वाऱ्याचा आवाज, कडबा वाजल्याचा आवाज. मग एक लांब श्वास, बारीक, फडक्याआडून गेलेला. तो शेतातून बोलत होता. डावी टाच मातीत रुतली असणार, उजवा खांदा उचलला असणार. मला ते दिसत होतं.

मी ओ दिली. मोकळ्या गळ्यानं, लहानपणी द्यायचे तशी. खालच्या घरमालकीणबाईंनी दार उघडून वर बघितलं, ते मला ऐकू आलं.

अण्णानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आम्ही दोघं तसेच थांबलो, तो शेतात, मी बीदरच्या खोलीत ओल्या चुन्याचा हात हवेत धरून, दुसऱ्या ओची वाट बघत.

थोड्या वेळानं ती आली. फोनमधून की माझ्या पाठीमागून, ते मी वळून बघितलं नाही.